लाल म्हणजे जागेवर

२६ फेब्रुवारी २०२२

आकांक्षाची निवड पक्की झाली. बधिरांची जागतिक स्पर्धा, ब्राझील, मे महिना, दोनशे मीटर. दिल्लीचा निरोप नईमा मॅडमच्या फोनवर आला. मॅडम म्हणजे आमच्या दर्यापुरातल्या मुलींच्या शाळेच्या पी.टी.च्या बाई. पोरीला सातवीपासून त्यांनीच पळवलं. माझ्या पंप-मोटार दुरुस्तीच्या दुकानासमोर स्कूटी लावून त्या नुसत्या हसत उभ्या राहिल्या, तेव्हाच मी समजलो. किसनराव पंपाची मोटार घेऊन बसले होते, वाइंडिंग आजच पाहिजे म्हणत होते. त्यांना म्हटलं, "आज नाई होत. माही पोरगी ब्राझीलले चालली." त्यांनी मोटार तिथेच ठेवली आणि चहा मागवला.

ही स्पर्धा खरं तर डिसेंबरातच व्हायची. कोरोनामुळे पुढे गेली. आता कोरोना उतरतो आहे, तर परवापासून टीव्हीवर रणगाडे. पोरीची आई दुर्गा म्हणाली, "अहो, या लढाईनं पुन्हा पुढं ढकलतीन काय?" मी तिला नकाशात ब्राझील कुठे आणि युक्रेन कुठे ते दाखवलं. पण धास्ती मलाही आहे. पोरगी बावीसची आहे. ही हुकली तर पुढची कधी आणि तेव्हा पाय असेच राहतील का, कोण सांगणार?

पंप कंपनीची डायरी यंदा कोरी पडून होती. म्हटलं, हे लिहून ठेवावं.

६ मार्च

पहाटेचा सराव. ऐकू न येणाऱ्यांची शर्यत बंदुकीच्या बाराने सुटत नाही, दिव्याने सुटते. लाल लागला की 'जागेवर', पिवळा लागला की 'तयार', हिरवा लागला की पळायचं. हे यंत्र मी स्वतः केलं आहे. प्लायवूडची फळी, स्कूटरच्या इंडिकेटरच्या काचा, तीन बटणं आणि ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. मी फळी छातीशी धरून तिच्यासमोर उभा राहतो. साऱ्या जगात लाल म्हणजे थांबा. आमच्या घरात लाल म्हणजे जागेवर.

मॅडमची एकच तक्रार. "देवमनभाऊ, तुमी पिवळा लय वेळ धरता. कधी कमी, कधी जास्त. तिकडं मशीन राहाते."

मी म्हटलं, "पोरगी उतावळी हाये. जरा दम धरणं शिकू द्या."

खरी गोष्ट वेगळी आहे. पिवळा लागला की ती वाकते, बोटं मातीवर टेकते आणि डोळे माझ्या फळीवर ठेवते. दुसऱ्या कशाकडेच बघत नाही. तेव्हा बटणावरचं बोट उचलवत नाही.

१९ मार्च

रशियाचा संघ बाहेर. लढाईमुळे त्यांना येऊ देणार नाहीत म्हणे. तिकडच्या दोन पोरी यादीत आकांक्षाच्या वर होत्या. मी पाव किलो जिलेबी घेऊन घरी आलो.

आकांक्षाने हात लावला नाही. फोन माझ्यासमोर धरला. यारिना नावाची युक्रेनची पोरगी, हिच्यासारखीच ऐकू न येणारी, हिच्याच शर्यतीतली. दोघी फोनवर एकमेकींना बघतात. ती एका इमारतीच्या तळघरात, सायकली आणि लोणच्याच्या बरण्या यांच्यामधून पळत होती. भिंतीवर एक लाल बल्ब. हल्ल्याचा भोंगा वाजला की वरून तिची आई बटण दाबते. बल्ब लागला की यारिना जिथे असेल तिथे भिंतीला टेकून बसते. भोंगा तिला कुठून ऐकू येणार?

आकांक्षा खुणेने म्हणाली, "ते अशी पळून रायली अन् तुमी जिलेबी आणता?"

मला राग आला. लढाई काय मी लावली? शिवाय त्या बल्बची वायर उघडी लोंबत होती. कुणीतरी टेप मारायला पाहिजे.

२ एप्रिल

पाडवा. आजपासून मास्कची सक्ती नाही. दोन वर्षं माझ्या पोरीला माणसांची तोंडंच दिसली नव्हती. ती ओठ वाचते. कापडाआड गेलेलं जग आज परत मिळालं. दिवसभर दुकानाच्या ओट्यावर बसून ती रस्ता वाचत होती. कोणती बाई सासूला काय म्हणाली, कंडक्टरने कुणाला शिवी हासडली, सगळं मला खुणेने सांगून हसत होती. समोरच्या टपरीवर किसनराव कुणाला तरी म्हणाले, "देवमनची मोटार महिनाभर चालली म्हंजे नशीब." तेही तिनेच कळवलं. ऐकू येणाऱ्यांनी हे माझ्यापासून इतकी वर्षं लपवलं.

पण स्वतःचा मास्क काही तिने काढला नाही. निघण्याआधी तपासणी आहे, ती स्वच्छ आली तरच विमान, असं संघाचं म्हणणं. घरात कुणी आजारी असेल तर तेही कळवायचं. अहो, कोरोना गेला. पेपरात कोपऱ्यातसुद्धा बातमी नसते आता.

९ एप्रिल

खुशालराव दुकानात आले. मागे नगरसेवक होते, पुढे पुन्हा व्हायचं आहे. म्हणाले, "देवमन, पोरगी जगात चालली अन् गावाले पत्ता नाई. बुधवारी चौकात सत्कार करू. बॅनर, बँड, सारं माह्याकडं." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वीस वर्षं जळक्या तारा उकलतो आहे, चौकात मला कोणी खुर्ची दिली नव्हती.

नईमा मॅडमच्या कपाळाला आठी. "भाऊ, सत्कार आल्यावर करा ना. आत्ता तिले गर्दीत कावून नेता?"

मी म्हटलं, "आल्यावर? अन् हरून आली तं सत्कार कोन करते?"

बोलून गेलो. आकांक्षा मॅडमच्या मागेच उभी होती. तिला ऐकू येत नाही म्हणून तिला कळत नाही, असं मी अजूनही धरून चालतो. ती वळून आत गेली आणि बुटाच्या नाड्या ओवत बसली.

१३ एप्रिल

काय सत्कार झाला! चौक भरला होता. बॅनरवर आकांक्षा, वर खुशालराव, खाली मी, 'पिता' म्हणून. मी माइक घेऊन सगळ्यांना सांगितलं, "ज्याच्या तोंडाले मास्क असन त्यानं काढा. माही पोरगी ओठ वाचते. तिले कळू द्या तुमी काय म्हणून रायले." सगळ्यांनी काढले. बायाबापड्या एकेक करून तिच्या तोंडाजवळ तोंड आणून आशीर्वाद देत होत्या. कितीकांचे डोळे भरून आले.

एकच खटकलं. पोरीने स्वतःचा मास्क उतरवला नाही. खुशालराव पेढा घेऊन उभे, फोटोवाला उभा, आणि ही हाताची ओंजळ पुढे करते. शेवटी मीच तिच्या कानामागची दोरी सोडली. तिने पेढा दातात धरला, फोटो झाला. नंतर मंडपामागे तो थुंकलेला दुर्गाने पाहिला. मला लाज वाटली. इतका गर्व बरा नाही.

खुशालरावांचा घसा पार बसला होता. भाषणात दोनदा पाणी प्याले. माणूस राबला फार.

१६ एप्रिल

घसा खवखवतो. वाइंडिंगच्या वार्निशचा वास आणि त्यात हे ऊन, चव्वेचाळीसच्या पुढे. काल लोडशेडिंगमुळे पंखा बंद आणि मी घामाने भिजून गार पाणी प्यालो. त्याचंच आहे. खोकला कोरडा. दुर्गा बघत राहते. मी तिला म्हटलं, "पोरीपुढं काई बोलू नोको. उगाच डोक्शात घेईन."

बरं आहे, तिला ऐकू येत नाही.

१७ एप्रिल

सकाळी सरावाला फळी धरली होती. पिवळा लागला आणि नेमका खोकला आला. मी मान वळवून तोंड खांद्यात दाबलं. तिचे डोळे दिव्यावर होते, माझ्यावर नव्हते. हिरवा दिला तेव्हा ती उठलीच नाही. तशीच वाकलेली, माझ्या फळीकडे बघत. मग सरळ उभी झाली, मास्क लावला आणि एकटीच घरी गेली.

दुपारी तिने आपली गादी उचलून दुकानामागच्या गोदामात नेली. ताट दाराबाहेर ठेवायला सांगितलं आईला. आता बाईसाहेबांना आमच्या पंगतीत जेवण गोड लागत नाही. चौकात सत्कार काय झाला, बाप नकोसा झाला.

१८ एप्रिल

गोदामाच्या दारावर तिने सुटा लाल बल्ब टांगून लावलेला दिसला. माझा जीव भांड्यात पडला. लाल म्हणजे जागेवर. पोरगी रुसवा सोडून बोलावते आहे, सराव करू म्हणते आहे. मी फळी काखेत मारून दार लोटलं.

तिने बूट फेकून मारला. माझ्या अंगावर! तोंडातून तो आवाज काढला, जो ती लहानपणी कुत्रं अंगावर आलं की काढायची. दार माझ्या नाकावर बंद.

अंगाचा तिळपापड झाला. हिच्यासाठी मी काय केलं नाही? शाळेतल्या वर्गाच्या बाईंनी नुसतं शिवण शिकवा म्हटलं होतं, मी दिवे करून दिले. संध्याकाळी जेवलो नाही. तसंही अन्नाला चव नाही कालपासून, डाळही पाण्यासारखी लागते.

१९ एप्रिल

खुशालरावांना अकोल्याच्या दवाखान्यात हलवलं. न्यूमोनिया म्हणतात घरचे. नईमा मॅडम दुकानाच्या पायरीखालीच थांबल्या, वर आल्या नाहीत.

"भाऊ, तुमी तपासून घ्या."

"मले काई नाई झालं. वार्निशचा खोकला हाये."

"मंग तपासाले काय भेता?"

याचं उत्तर इथे लिहितो. मी तपासलो नाही तर मी पेशंट नाही. मी पेशंट नाही तर घरात पेशंट नाही, दिल्लीला कळवण्यासारखं काही नाही. पोरगी ठणठणीत आहे, तिचं विमान तिला मिळेल. मी तपासलो आणि निघालं, तर एका कागदावर माझं नाव लागेल आणि तिचं खोडलं जाईल. दोन वर्षं रोगाने अडवलं, मग लढाईने भेवडवलं, आणि शेवटी काय, बापाच्या खोकल्याने? छे. दाबून खोकलं की झालं. सव्वीसला विमान, आठवडाभराचा तर प्रश्न आहे.

पण दुसराही विचार येतो. समजा ती रोग घेऊन गेली. विमानात तिच्याच शेजारी तिच्यासारख्याच पोरी बसतील. एकमेकींचे ओठ वाचायला तोंडाजवळ तोंड नेतील.

छाती भरून येते आहे. वार्निशच असावं.

२० एप्रिल

आज दुर्गाने तोंड उघडलं. स्वतः मास्क लावून होती, आणि तो परवापासून आहे हे मला आज दिसलं.

म्हणाली, "तिले माईत हाये."

"काय माईत हाये? कोनं सांगितलं? तू?"

"कोनी नाई सांगितलं. दिवा हालत होता म्हणे. तुमी खोकलून रायले अन् फळी थरथरून रायली. ते तुमच्या तोंडाकडं पाहात नसते, दिव्याकडं पाहाते."

म्हणजे मी खोकला दाबला, तोंड फिरवलं, दुर्गाला गप्प केलं, आणि फळी छातीशी धरूनच उभा राहिलो.

दुर्गा पुढे म्हणाली, "तिनं त्याच दिवशी दिल्लीले लिवून टाकलं. सत्काराचंही अन् तुमचंही. मॅनेजरनं सांगितलं, येगळी राय, दोनदा तपास, दोन्ही साफ निघाले तं ये. नाई निघाले तं दुसरी पोरगी जाईन. मॅडमबी ह्येच सांगाले आल्या होत्या काल. तुमी ऐकता काय कोनाचं?"

मी गोदामाकडे गेलो. या वेळी लांब, नळापाशी उभा राहिलो. लाल बल्ब तसाच होता. तिने खिडकी उघडली. मी बल्बकडे बोट केलं आणि खुणेने विचारलं, हे काय?

तिने फोन काढून लांबूनच दाखवला. ते तळघर, त्या बरण्या, भिंतीवरचा तो बल्ब. लागला की हलायचं नाही. मग तिने खूण केली, सावकाश, मी ढ विद्यार्थी असल्यासारखी. "लाल म्हंजे जागेवर. तुमी तुमच्या. मी माह्या."

तिथून मी सरळ दवाखान्यात गेलो. नाकात काडी गेली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. नर्स म्हणाली, सगळ्यांच्याच येतं.

२१ एप्रिल

पॉझिटिव्ह. साऱ्या जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतके पेशंट उरलेत म्हणे आणि त्यांत मी. दुकानावरच्या खोलीत राहायला आलो. खिडकीतून चौकातला बॅनर दिसतो. त्यात मी हसतो आहे.

दुर्गाचं साफ. आकांक्षाचं पहिलं साफ. दुसरं अजून बाकी.

२३ एप्रिल

आज दुसरं गेलं. माझा जीव टांगणीला. ताप उतरला, पण मला त्याचं काही नाही. मी कानामागची ती दोरी सोडली, तेच बोटांना आठवत राहतं. माझ्या हातांनी सोडली. फोटोसाठी. तिच्या आत काही शिरलं असेल तर ते त्याच क्षणी शिरलं असेल, आणि ते मी केलं असेल. हे मी दुर्गाजवळ बोललो नाही. तिला माहीत आहे, म्हणून तीही बोलत नाही.

खालून गोदामाचं दार वाजलं की मी कान देतो. ती खोकते का, एवढंच ऐकायचं असतं. तिचा खोकला मला ऐकू येईल. तिला माझा कधीच आला नाही, तरी तिलाच आधी कळला.

२४ एप्रिल

रिपोर्ट आला नाही. नईमा मॅडम दोनदा अमरावतीच्या लॅबला फोन करून थकल्या. दिल्लीहून विचारणा, दुसऱ्या पोरीची तयारी ठेवू का? मॅडम म्हणाल्या, "थांबा जरा." इतका लांब पिवळा मीही कधी कोणावर धरला नव्हता.

दुपारी खुशालरावांचा अकोल्याहून फोन. आवाज कसनुसा, पण बोलत होते. म्हणाले, "देवमन, मले त्या दिशी सकाळपासूनच ताप होता बाप्पा. गोळी घेऊन आलो. एवढे लोक जमवले होते, कसा नाई येऊ?"  मी तरी त्यांच्या जागी काय केलं असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे.

२५ एप्रिल

साफ! दुसरंही साफ. मॅडमने खाली रस्त्यावरून दोन्ही हात वर केले. दुर्गा गोदामाकडे धावली आणि दारात थबकली. लाल बल्ब चालूच होता. पोरगी म्हणाली म्हणे, विमानात बसेपर्यंत लाल.

मी खिडकीत बसून रडलो. लपवायचं कुणापासून?

२६ एप्रिल

गेली.

मी काय काय ठरवलं होतं. बँड, मिरवणूक, नागपूरच्या विमानतळापर्यंत दहा जीपा. एकच जीप आली, आत नईमा मॅडम आणि ड्रायव्हर. दुर्गाने दारात दह्याची वाटी ठेवली आणि स्वतः मागे सरली. आकांक्षाने वाकून दही हातावर घेतलं, मास्क जरा वर करून खाल्लं, हात धुतले. मग वर माझ्या खिडकीकडे पाहिलं.

मला खूण करायची होती. काय करावं सुचेना. बाप म्हणून सांगायच्या सगळ्या गोष्टी तिने माझ्याआधीच करून ठेवल्या होत्या. मी कोपऱ्यातली फळी उचलली, बॅटरी जोडली आणि खिडकीत धरली.

लाल.

तिने बॅग जीपमध्ये टाकली. भर रस्त्यात, टपरीवरची माणसं बघत असताना, डांबरावर गुडघा टेकला. चटका बसला असणार.

पिवळा.

ती वाकली. डोळे दिव्यावर. मी धरून ठेवला. फळी हालत होती. खोकला नव्हता, तिलाही ते कळलं असेल. नईमा मॅडम वेळेवरून एक शब्द बोलल्या नाहीत.

मग हिरवा दिला. ती जीपपर्यंत पळाली, उडी मारून आत बसली, आणि मागे वळून पाहिलं नाही. हिरवा लागल्यावर मागे बघायचं नाही, हे मीच शिकवलं आहे.

८ मे

संध्याकाळी फोनवर शर्यत लागली. मी बरा आहे, खाली दुकानात बसतो. आम्ही दोघंच होतो. निवेदक परकी भाषा बोलत होता, दुर्गाने आवाज बंद केला. म्हणाली, "तिच्यासारखंच पाहू."

शेजारच्या पट्ट्यात यारिना. मी तिला लगेच ओळखलं. तळघरापेक्षा इथे उंच दिसते.

लाल लागला. मी मोठ्याने म्हणालो, "जागेवर." पिवळा लागला आणि गेलाच, मला श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नाही. हिरवा. सगळ्या सुटल्या आणि आमची मागे राहिली, पापणी लवेपर्यंत, पण राहिली. ती अजून माझा पिवळा संपायची वाट बघत होती. मग अशी पळाली की तीन जणींना मागे टाकलं. चौथी आली. पुढच्या फेरीत तिघीच जाणार होत्या. यारिना पहिली.

नईमा मॅडम मार्चपासून सांगत होत्या.

नंतर तिचा व्हिडिओ कॉल आला. मास्क नव्हता. किती दिवसांनी पूर्ण चेहरा दिसला, घामाने निथळलेला. मागे यारिना तिच्या खांद्यावर हात टाकून उभी होती. मला वाटलं, दिव्याचं काढेल. तिने ते काढलंच नाही. माझ्याकडे रोखून पाहिलं, हसते आहे की नाही ते कळू दिलं नाही, आणि खुणा केल्या.

"हरून आली. आता सत्कार कोन करते?"

तर ते वाक्य तिने इतके दिवस जपून ठेवलं होतं. ब्राझीलपर्यंत नेलं होतं.

दुर्गा माझ्याकडे बघायला लागली. मी फोन जवळ आणला, ओठ नीट दिसतील असा धरला.

"मी," म्हटलं.

चित्र क्षणभर अडकलं, मग सुटलं. तिने कानाजवळ हात नेला, तिची जुनी थट्टा, ऐकू नाही आलं म्हणते.

"मी," मी पुन्हा म्हटलं. समोरच्या टपरीवरून किसनराव ओरडले, "काय मी मी करून रायला, देवमन?"

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिला नीट दिसेपर्यंत म्हणत राहिलो.